सोसायटीत फ्लॅटनिहाय पाण्याचे मीटर बसवले तर पाणी खरंच वाचतं का? खर्च किती वर्षांत निघतो?

वाचतं. पुण्यात उंड्रीतल्या आमच्या सोसायटीची खजिनदार म्हणून हे भांडण मी भांडले आहे, म्हणून ठामपणे सांगते.

उंड्री २०१७ साली महापालिकेत आली, पण टँकर काही सुटले नाहीत. उन्हाळा लागला की बोअर आटतात आणि दहा हजार लिटरचे टँकर गेटवर रांग लावतात. त्यांचं बिल भागिले ८४ फ्लॅट, अशी तेव्हा आमची पद्धत. माझ्या घरात मी आणि सासूबाई. वरच्या फ्लॅटमध्ये सहा भाडेकरू. रक्कम दोघांना एकच. याचा राग होताच, पण खरं दुखणं वेगळं होतं.

चाचणी म्हणून आम्ही गच्चीवरच्या टाकीतून एका विंगला खाली येणाऱ्या उतरत्या लाइनवर एक मीटर बसवला. रात्री दोन वाजता वॉचमनला घेऊन मी गच्चीवर गेले, टॉर्च मारला. सगळी विंग झोपलेली आणि मीटरच्या तबकडीतली ती छोटी लाल चांदणी फिरतच होती. कुठला नळ उघडा नव्हता. फ्लशच्या टाक्यांमधले रबरी वॉशर गेलेले, आवाज न करता पाणी कमोडमध्ये उतरत होतं. ते कोणी दुरुस्त का करेल? प्लंबरचे पैसे तुमच्या एकट्याच्या खिशातून आणि वाचलेल्या पाण्याचा फायदा ८४ जणांत. तुमच्या वाट्याला त्यातला चौऱ्याऐंशीवा भाग. लोक बेफिकीर आहेत असं मी म्हणत नाही, हिशोबच तसा मांडलेला आहे.

तेव्हाचे आमचे अध्यक्ष, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, मीटरच्या नावानेच भडकायचे. "पाणी मोजून द्यायला आपण काय सावकार आहोत? उधळपट्टी करणाऱ्याला दंड लावा." लावला दंड. पाइप लावून गाडी धुतली तर पाचशे रुपये. महिनाभरात लोक राजरोस पाइप लावू लागले आणि वॉचमनने हटकलं की म्हणायचे, "पाचशे भरतोय ना?" आधी निदान कोणी बघतंय का याची लाज होती, तीही गेली. इस्राएलमध्ये हैफाच्या पाळणाघरांवर नीझी आणि रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांचा २००० साली छापून आलेला अभ्यास आहे. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले आणि दंड काढून घेतल्यावरही कमी झाले नाहीत. ते मी सभेत वाचून दाखवलं. काका म्हणाले, परदेशातलं इथे लागू होत नाही. आमच्या पार्किंगमध्ये रोज लागू होत होतं.

शिवाय गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पाण्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार यांवर वाटायचा, असं आहे. म्हणजे सरसकट समान वाटप नियमातही बसत नाही. हे तुमच्या सभेत जरूर काढा.

"मोठ्या कुटुंबांवर अन्याय होईल" हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्यावर उपाय दरातच आहे. शहरी पुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटर. चार माणसांचे ५४० लिटर, म्हणजे महिन्याला साधारण १६ घनमीटर. प्रत्येक फ्लॅटला तिथपर्यंत दर अगदी कमी ठेवा, त्यापुढे चढता. महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतर दर बदलतो ते सगळ्यांना माहीत असतं, समजवावं लागत नाही. फक्त माणसं मोजून दर ठरवायच्या भानगडीत पडू नका, भाड्याच्या फ्लॅटमधला खरा आकडा कधीच कळत नाही.

महापालिकेवरही माझा हाच राग आहे. घरगुती पाणीपट्टी मिळकतीच्या करपात्र रकमेला जोडलेली, वापराला नाही. त्यामुळे बादलीभर वापरणारा व टाकीभर वापरणारा यांच्या पाणीपट्टीत फरक नाही, आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून साठा साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात शेतीचाही वाटा. महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसवायला घेतले हे चांगलंच, पण वापरावर बिल आल्याशिवाय त्या मीटरकडे कोण बघणार?

आमच्याकडे शेवटी मीटरचा ठराव झाला. पहिली बिलं गेली आणि त्या आठवड्यात आमचा प्लंबर कोणाला सापडेना. पुढच्या उन्हाळ्यात टँकर ठळक कमी झाले.

आता खर्चाचं. तो किती वर्षांत निघेल ते तुमच्या पाइपांवर आणि टँकरवर ठरतं. इमारतीत फ्लॅटला पाणी आत यायचा एकच पाइप (इनलेट) असेल तर मीटर एक. जुन्या बांधकामात स्वयंपाकघर, संडास, बाथरूम यांच्या उतरत्या लाइन वेगवेगळ्या असतात, मग एका घराला तीन-चार मीटर लागतात आणि खर्च त्या पटीत. टँकर जेमतेम महिनाभरच लागत असतील तर तो लवकर वसूल होणार नाही, हे आधीच सांगते. साधे यांत्रिक मीटर टँकरच्या गाळाने अडकतात आणि टाकी रिकामी झाली की हवेवरही फिरतात. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारे मीटर महाग, पण त्यात फिरणारा भागच नसतो. कंपनी दरमहा भाडं लावत असेल तर मीटर कोणाच्या मालकीचे राहणार ते करारात वाचा.

आणि पहिले दोन महिने नुसती नमुना बिलं वाटा, पैसे घेऊ नका. तेवढ्यात लोक फ्लश दुरुस्त करून घेतात आणि सभेत विरोध करायला फारसं कोणी उरत नाही.