‘इस्रायली’ बसत नाही म्हणून ‘ज्यू’

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा मसुदा दोनदा वाचला. गाझातील लोकांच्या हालांविषयी तू जे लिहिले आहेस, त्यातले एक वाक्यही मी सौम्य करणार नाही. एखाद्या सरकारच्या लष्करी कारवाईवर कठोर टीका करणे म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. तसा शिक्का मारून टीकाकाराला गप्प बसवू पाहणारे लोक तुला भेटतील, त्यांना भिऊ नकोस. माझा आक्षेप तिसऱ्या परिच्छेदावर आहे. तिथे ‘इस्रायल सरकार’चे अचानक ‘ज्यू’ झाले आहेत आणि दोनच ओळींनंतर ‘जगभरची माध्यमे मुठीत ठेवणारी ज्यू लॉबी’ अवतरली आहे.

ही चूक मीही केलेली आहे. १९८२ मध्ये इस्रायलचे सैन्य लेबनॉनमध्ये शिरून बैरूतपर्यंत पोहोचले, तेव्हा मी वृत्तपत्रात रात्रपाळीला होतो. मथळ्यात ‘इस्रायली’ बसेना, म्हणून मी ‘ज्यू फौजा’ केले आणि पान सोडले. आठवड्याभरात ठाण्याहून एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, गृहस्थांचे पोस्टकार्ड आले. सुवाच्य मराठीत त्यांनी एवढेच विचारले होते, की आमच्या घरातले कोणी बैरूतला गेलेले नाही, मी रोज सकाळी लोकलने कचेरीत जातो, मग तुमच्या मथळ्यात मी कसा आलो? ज्यांना कोकणात पिढ्यान्पिढ्या ‘शनवार तेली’ (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हटले गेले, ज्यांची आडनावे किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आपल्याच गावांवरून पडली, त्या समाजाला शेजाऱ्यांनी कधी छळले नाही, याचा आपल्याला अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. पण त्यामुळेच ज्यूद्वेष ही युरोपची भानगड आहे असे मानून आपण बाहेरून आलेले शब्द न तपासता वापरतो. (आपल्याकडे पदपथावर हिटलरचे आत्मचरित्र विकत घेणारा आणि इस्रायलच्या पराक्रमाने भारावून जाणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. त्याचे इस्रायलप्रेम ज्यूंबद्दलच्या आस्थेतून आलेले नसते, हेही लक्षात ठेव.)

आता त्या ‘मुठीत ठेवणाऱ्या’ लॉबीचे मूळ पाहा. ज्यूंनी जग ताब्यात घेण्याचा गुप्त कट रचला आहे असे सांगणारे ‘प्रोटोकॉल्स’ नावाचे बनावट लिखाण १९०३ मध्ये रशियात छापले गेले. मे १९२० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’सारख्या भारदस्त पत्राने त्याची गंभीर दखल घेऊन चौकशीची मागणी केली. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९२१ मध्ये, त्याच पत्राचा कॉन्स्टँटिनोपलचा वार्ताहर फिलिप ग्रेव्हज याने १८६४ मधील एक फ्रेंच पुस्तक शेजारी ठेवून उतारेच्या उतारे जुळवून दाखवले. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर टीका करणाऱ्या त्या पुस्तकात ज्यूंच्या कटाचा विषयच नव्हता. त्यातला मजकूर उचलून तो ज्यूंच्या तोंडी घातला होता. चोरी अशी उघडी पडली, तरी लिखाण मेले नाही. हमास या पॅलेस्टिनी संघटनेच्या १९८८ च्या सनदेत ते पुरावा म्हणून आले आहे. तुझ्या वाक्यातली कल्पना याच घराण्यातली आहे, तुला ते ठाऊक नसले तरी.

वार्तांकनातला कल नेहमी द्वेषातूनच येतो असे नाही. तो बहुधा घाईतून आणि आधीच ठरलेल्या चित्रातून येतो. सप्टेंबर २००० मधले एक छायाचित्र माझ्या कायम लक्षात आहे. पुढे रक्तबंबाळ तरुण, मागे दंडुका उगारून ओरडणारा इस्रायली पोलीस आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ओळ अशी, की जेरुसलेमच्या टेंपल माउंटवरील पोलीस आणि एक पॅलेस्टिनी. प्रत्यक्षात तो तरुण अमेरिकन ज्यू विद्यार्थी होता, त्याला जमावाने मारले होते आणि पोलीस त्याला वाचवत होता. मागे पेट्रोल पंप दिसत होता. टेंपल माउंट या पवित्र टेकडीवर पेट्रोल पंप नाही, एवढेही कोणाच्या डोळ्यांना खुपले नाही, कारण जखमी कोण आणि मारणारा कोण हे बघणाऱ्याच्या मनात आधीच ठरले होते.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी गाझातील अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडले. हमासच्या ताब्यातील यंत्रणेने इस्रायली हल्ला आणि सुमारे ५०० मृत असे सांगितले, आणि जगातल्या मोठमोठ्या माध्यमांनी ते ठळक मथळ्यात चढवले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २३ ऑक्टोबरला संपादकीय खुलासा छापून हमासच्या दाव्यावर नको तितकी भिस्त ठेवल्याचे मान्य केले. पुढे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनेही, जी इस्रायलवर टीका करताना कधी कचरत नाही, पुरावे पॅलेस्टिनी गटांकडे असलेल्या रॉकेटकडे बोट दाखवतात असा निष्कर्ष काढला. पण जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये अमेरिकी अध्यक्षांची अरब नेत्यांशी ठरलेली शिखर बैठक तोवर रद्द झालेली होती आणि रस्ते पेटलेले होते.

याची दुसरी बाजू झाकू नकोस. त्याच युद्धात इस्रायलने परदेशी वार्ताहरांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिले नाही, आणि इंग्रजी मथळ्यांत इस्रायली ‘मारले जातात’ तर पॅलेस्टिनी नुसतेच ‘मृत्यू पावतात’ ही तक्रार पुष्कळदा खरी असते. कर्ता कुठे गायब होतो, ते दोन्हीकडे सारख्याच डोळ्यांनी शोध.

‘ज्यू’ हा शब्द अजिबात वापरू नये, असे मात्र मी सांगत नाही. इस्रायल स्वतःला ज्यू राष्ट्र म्हणवते आणि २०१८ मध्ये तसा कायदाही झाला, त्यामुळे रेघ ओढणे सोपे नाही. पण त्या देशाचे सुमारे पंचमांश नागरिक अरब आहेत, आणि जगातले कितीतरी ज्यू त्या सरकारचे कडवे विरोधक आहेत. अमेरिकेत इस्रायलसाठी दबाव आणणाऱ्या संघटनांत ख्रिस्ती लोकांची एक प्रचंड संघटना आहे, तेव्हा ‘ज्यू लॉबी’ हे साधे तथ्य म्हणूनही चूकच. आयपॅक या अमेरिकेतल्या इस्रायलसमर्थक संघटनेबद्दल लिहायचे असेल तर आयपॅक असे नाव घे, तिने कोणत्या निवडणुकीत काय केले ते सांग, आणि त्यावर हवी तेवढी झोड उठव.

तिसरा परिच्छेद तेवढा नव्याने लिहून गुरुवारपर्यंत पाठव. शाळेत आसरा घेतलेल्या कुटुंबाचा परिच्छेद आहे तसाच राहू दे. फक्त ती माहिती तुला कोणत्या वृत्तसंस्थेकडून आणि कोणत्या तारखेला मिळाली, ते त्याच वाक्यात घाल.

तुझा,
जुना उपसंपादक