‘सर, आज येत नाही’: सरावाला दांडी मारणाऱ्या मुलांचं काय करायचं?

13 वर्षांखालच्या फुटबॉल संघाचे एक प्रशिक्षक माझ्याकडे समुपदेशनाला आले ते निर्णय पक्का करूनच. संघात 16 मुलं, आठवड्याला दोन सराव, सुट्टीच्या दिवशी सामना. सरावाला जेमतेम 9-10 जण येत, सामन्याला मात्र सगळे हजर. ‘सरावाला न येणारा सामन्यात बाकावर बसेल, असा नियम करतोय. पालकांना कसं सांगू, तेवढंच सांगा,’ असं त्यांचं म्हणणं होतं. लहान मुलांना शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षकाची हीच तक्रार असते.

त्यांची हजेरीवही पाहिली. तिच्यात फक्त खुणा होत्या, कारणं नव्हती. म्हणून नियम बाजूला ठेवून चार आठवडे प्रत्येक गैरहजेरीपुढे कारण लिहायचं ठरलं. विचारायचं मुलालाच, पण एकट्याला, सराव संपल्यावर. ‘का आला नाहीस?’ असं विचारलं की मूल सबब शोधतं. ‘काय अडचण आली?’ म्हटलं की खरं सांगण्याची शक्यता वाढते.

वारंवार न येणारी मुलं सहा निघाली. दोघांना संध्याकाळी मैदानावर सोडायला घरी कुणीच नव्हतं. एकाची शिकवणी नेमकी सरावाच्या वेळी होती. चौथ्याचा गुडघा दुखत होता, आणि संघातून काढतील या भीतीनं त्यानं ते लपवलं होतं. हे फार महत्त्वाचं आहे. झपाट्यानं उंची वाढण्याच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतं. धावताना, उडी मारताना जास्त. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. अशा वेळी हजेरीचा आग्रह धरला की दुखणं वाढतं. त्या मुलाला आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

पाचव्याला सामन्यात शेवटची पाच मिनिटं मिळायची. आलो काय नि न आलो काय, असं त्याला वाटत होतं. सहाव्याला फुटबॉल आवडतच नव्हता. आवड बाबांची होती.

म्हणजे सहापैकी तिघांची गैरहजेरी मोठ्यांच्या वेळापत्रकामुळे होती. अशा मुलाला बाकावर बसवणं म्हणजे आईबाबांच्या अडचणीची शिक्षा त्याला देणं, आणि मुलांना हा अन्याय लगेच कळतो. दुसरी गोष्ट, असा नियम पहिल्या महत्त्वाच्या सामन्यातच मोडतो. सगळ्यांत जास्त गोल करणारा मुलगा सरावाला आलेला नसतो, प्रशिक्षक त्याला खेळवतात आणि बाकीचे 15 जण ते पाहतात. त्यानंतर त्या नियमाला किंमत राहत नाही.

त्याऐवजी नियम केला तो कळवण्याचा. येणार नसाल तर आदल्या संध्याकाळपर्यंत सांगायचं, आणि शक्यतो मुलानं स्वतः: पालकांच्या फोनवरून आवाजी संदेश चालेल. न कळवता चुकवलं तर पुढच्या सामन्यात सुरुवातीच्या संघात जागा नाही. मात्र संघात निवडलेल्या प्रत्येकाला किमान अर्धा सामना मिळेलच. परिणाम छोटा हवा, आधी सांगितलेला हवा आणि सर्वांना सारखा हवा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आतल्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात असं मांडलं: स्वतःचा निर्णय, जमतंय ही भावना आणि आपलेपणा. कळवणं मुलाच्या हातात असतं. गाडी आणि शिकवणी नसते.

दुसरी बाजू सरावाच्या आखणीची. 16 मुलं धरून आराखडा केला आणि 9 आली की पहिली वीस मिनिटं जुळवाजुळवीत जातात. आलेली मुलं रांगेत उभी राहतात, कंटाळतात आणि पुढच्या वेळी तीही गळतात. गैरहजेरी अशीच पसरते. माझ्या मते तिचं सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. म्हणून आकड्यावर न अडणारे खेळ निवडायचे. सुरुवातीला साधारण 8 मीटरच्या चौकोनात चौघांनी पास द्यायचे, मधल्या एकानं चेंडू हिसकवायचा. उशिरा आलेला सरळ आत शिरतो. नंतर छोटे सामने: 9 जण असतील तर चार विरुद्ध चार आणि एक ‘जोकर’, म्हणजे चेंडू ज्या संघाकडे त्या संघाकडून खेळणारा. 7 असतील तर तीन-तीन आणि जोकर. जोकर दर तीन मिनिटांनी बदलायचा, नाहीतर तोच मुलगा थकतो. पाठ अशी आखावी की एक सराव चुकला तरी पुढचा समजेल. दोन सरावांत तोडलेली लांब मालिका लहान मुलांसाठी ठेवू नये.

मैदानावर सोडण्याचा प्रश्न पालकांच्या बैठकीत सुटला. जवळ राहणाऱ्या दोन कुटुंबांनी वार वाटून घेतले. शिकवणीवाला मुलगा आठवड्यातून एकदाच येईल असं उघडपणे ठरलं, आणि ती त्याची पूर्ण हजेरी मानली गेली. खेळायला वेळ मिळू लागल्यावर पाचवा नियमित झाला. गुडघेदुखीवाल्याचं धावणं डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही काळ कमी केलं. तोवर तो मैदानावर येऊन जमेल तेवढं करायचा. सहाव्यानं बाबांशी बोलून खेळ सोडला. प्रशिक्षकांना वाईट वाटलं, पण त्याला अडवणं योग्य नव्हतं.

सराव साधारण 12-13 जणांवर स्थिरावला. पुढच्या हंगामासाठी या प्रशिक्षकांनी पहिल्याच बैठकीत पालकांना तीन प्रश्न लेखी विचारायचं ठरवलं: कोणते वार नक्की जमतील, परीक्षा कधी आहेत आणि मैदानावर कोण सोडेल. चौथा प्रश्न मुलांसाठी, पालकांसमोर न विचारायचा: तुला इथे यायचंय का?