आंतरशालेय क्विझसाठी वर्गातले पहिले तीन नंबर घ्यावेत का? तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या शाळेत मार्क पाहून टीम करून राहिले. अजून वेळ असेल तर थांबवा राजेहो.

आमच्या नागपूरच्या शाळेतही हेच झालं होतं. सरांनी वार्षिकचा निकाल समोर घेतला, वरची तीन नावं उचलली, झाली टीम. मी राखीव, म्हणजे दप्तरं सांभाळायला. फायनलला बझर राउंडमध्ये क्विझमास्टर म्हणाला, ‘मध्य प्रदेशची राजधानी...’ आणि आमच्या टॉपरनं टपकन बझर दाबून ‘भोपाळ’ सांगितलं. निगेटिव्ह! पूर्ण प्रश्न असा होता की १९५६ मध्ये भोपाळला जायच्या आधी ती कुठं होती. अबे, जिथं बसून राहिलास तेच उत्तर! ते मार्क वर्ध्याची टीम घेऊन गेली. नंतर विचारलं, हिवाळी अधिवेशन नागपुरात कोणत्या करारामुळे होते, तर आमचे तिघं एकमेकांची तोंडं पाहून राहिले. नागपूर करार, १९५३, नावातच शहर आहे! मी खाली बसून नुसता चरफडत होतो, कारण आमचे आजोबा तेव्हा सचिवालयात कारकून, राजधानी गेली अन् ऑफिसातले कोण कोण भोपाळला गेले ही रडकथा घरी दर दिवाळीला व्हायचीच. पण माझे इतिहासात मार्क कमी ना, मग मला कोण विचारते.

तयारीचं म्हणाल तर रोज पेपर, खेळाचं पान धरून, आणि भिंतीवर नकाशा. एकाला विज्ञान, एकाला खेळ-सिनेमा, एकाला इतिहास-भूगोल असं वाटून द्या. बझरची प्रॅक्टिस वेगळी करा, अर्धा प्रश्न वाचून थांबायचं अन् मुलांनी सांगायचं की आता दाबण्यात अर्थ आहे का नाही. चुकीला मार्क कापतात का हे आधी विचारून घ्या.

हां, नुसतं गणित-विज्ञानाचं क्विझ असेल तर मार्कवाली पोरं चालतील, आणि सगळेच टॉपर तसे नसतात हेही खरं. पण सर अजून आमच्या ग्रुपवर लिहितात की त्या दिवशी प्रश्नच वाकडा होता. वाकडा काहून सर? वर्ध्याच्या पोरांनी तोच प्रश्न पूर्ण ऐकला अन् मार्क घेतले.