अझम्प्शनच्या प्रश्नात, म्हणजे बोलणाऱ्याने न सांगता काय गृहीत धरलंय ते ओळखायच्या प्रश्नात, "हे तर खरंच आहे" म्हणून टिक करता का?

मागच्या वर्षी गोव्यातल्या डिचोलीकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती, यूपीएससीची तयारी करणारी. पूर्व परीक्षेचा पहिला पेपर, जीएस म्हणजे सामान्य अध्ययन, बरा चाललेला, पण दुसऱ्या पेपरच्या, म्हणजे उतारे आणि लॉजिकवाल्या सीसॅटच्या, मॉकमध्ये (सराव परीक्षेत) सारखी अडकायची. हा पेपर फक्त पास व्हायचा असतो, २०० पैकी ६६ मार्क, पण तेवढे नाही पडले तर जीएसमध्ये कितीही मार्क असले तरी पुढे जाता येत नाही, आणि प्रत्येक चुकीला ०.८३ कापले जातात ते वेगळंच. "मॅडम, उताऱ्यात काय गृहीत धरलंय ते मला दिसतच नाही, माझं लॉजिकच कच्चं आहे" असं म्हणून रडायलाच लागली.

लॉजिक मुळीच कच्चं नव्हतं. मी तिला कागदावर एक वाक्य लिहून दिलं, "रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या फेऱ्या वाढवल्या तर धक्क्यावरची रांग कमी होईल". खाली तीन पर्याय. एक, चोडणला पक्षी अभयारण्य बघायला पर्यटक येतात. दोन, पूल बांधणं हा जास्त चांगला उपाय आहे. तीन, फेऱ्या वाढल्या की तेवढ्याच जादा गाड्या येणार नाहीत. तिने पटापट पहिले दोन टिक केले. पहिला का, तर सलीम अली अभयारण्य तिथे खरंच आहे. दुसरा का, तर तिला स्वतःला पूल हवाय. म्हणजे वाचताना ती बोलणाऱ्याच्या डोक्यात शिरतच नव्हती, आपलं ज्ञान आणि आपलं मत घेऊन बसली होती, आणि हुशार मुलांचं हे फार होतं बरं का.

मग म्हटलं, आता एकेक पर्याय उलटा करून बघ. समजा चोडणला एकही पर्यटक येत नाही, तरी रांग कमी होऊ शकते ना? मग ते गृहीतक नाही, कितीही खरं असू दे. पूल चांगला उपाय नाही समज, तरी वाक्य जागच्या जागी. आता तिसरा उलटा कर, तेवढ्याच जादा गाड्या आल्या तर? ती थांबली आणि म्हणाली, "मग रांग तशीच राहणार, सगळं बोलणंच पडलं". हेच ते, ज्याच्याशिवाय वाक्य उभं राहत नाही तेच गृहीतक. "असं होणार नाही" या रूपात असलं की ते पटकन नजरेत भरत नाही, त्यामुळे मुलं ते सोडून देतात.

उलटं करताना तिची अजून एक गडबड व्हायची, "सगळे" चं उलट ती "कोणीच नाही" करायची. तसं नसतं गो, "सगळे" चं उलट "सगळे नाहीत", एक जरी सुटला तरी पुरे. म्हणून "फक्त", "सगळे", "एकमेव" असे शब्द पर्यायात आले की मी मुलांना दोनदा वाचायला सांगते, कारण बोलणाऱ्याला बहुतेक वेळा एवढ्या मोठ्या दाव्याची गरजच नसते.

पुढचे काही आठवडे तिने नवीन पेपर सोडवलेच नाहीत, जुन्याच चुका काढून समोर "खरं म्हणून टिक" की "माझं मत म्हणून टिक" एवढंच लिहीत बसली. प्रश्न अजूनही चुकतात तिचे, पण का चुकला ते आता तिचं तिलाच सांगता येतं, आणि उलटून बघितल्यावरही खात्री नसेल तर तो प्रश्न ती सरळ सोडून देते.