आठ महिन्यांच्या लॅबला क्रेटमधून काढून घरात मोकळं कधी सोडावं?

तुम्ही लिहिलंय की लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्री, आठ महिन्यांची आहे, दोन महिन्यांची असल्यापासून क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात, झोपते, शी-शू बाहेरच करते, आणि आता "घरचे म्हणतात बस झाला पिंजरा". मला खरं तर त्या शेवटच्या वाक्यालाच उत्तर द्यायचंय. घरचे म्हणजे नेमकं कोण? पहाटे पाचला तिला खाली घेऊन जाणारे, की दुपारी सोफ्यावर लवंडून "बिचारी गं" म्हणणारे? पहाटेवाले म्हणत असतील तर त्यांचं जरूर ऐका. सोफ्यावाले असतील तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

आमची बुंदीपण लॅब. सांगलीत विश्रामबागेला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, मी शाळेत, नवरा बँकेत, म्हणून पहिल्या दिवसापासून क्रेट. बेचाळीस इंची, जाळीचा, दाराला वर-खाली दोन कड्या. माझे थोरले दीर, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, तासगावकडे राहतात. द्राक्षबाग आहे. ते पहिल्यांदा आले तेव्हा क्रेटकडे बघून म्हणाले, "आगं, कोंडून काय ठेवलीस तिला? पोपट हाय व्हय?" मी हसले. दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, मुक्या जनावराचे तळतळाट लागतात. तेव्हाही मी चहाच टाकला. थोरल्या दिरांशी किती वाद घालणार!

मार्चमध्ये, बुंदी सात महिन्यांची असताना, आप्पा बेदाणे घेऊन आले. त्यांच्या शेडवरचा नवीन माल, हिरवा, लांबट, पाच किलोची पिशवी. मी काट्यावर ठेवली तर पाच किलोला वर वीस ग्रॅम. आप्पांचं माप नेहमी सढळच असतं, ते मान्य करायलाच हवं. पिशवीचं तोंड सुतळीनं बांधून ती मी टीपॉयच्या खालच्या फळीवर ठेवली. का ठेवली, ते मला आजही सांगता येत नाही. आम्हाला मिरजेला साखरपुड्याला जायचं होतं, तीन तासांचं काम. आप्पा म्हणाले, मी पडतो जरा, तुम्ही या जाऊन. बुंदी क्रेटमध्ये, पोट भरलेलं, नुकतीच फिरून आलेली.

आम्ही परत आलो तर आप्पा दिवाणावर घोरतायत, क्रेटचं दार सताड उघडं, आणि बुंदी पंख्याखाली चारी पाय पसरून पडलेली. शेपूट हलवत आली आणि माझ्या तोंडावर ढेकर दिला. गोड वास. पिशवीचा एक कोपरा चावून चावून लाळेनं ओला, फरशीवर बेदाणे, आणि त्यांच्याकडे निघालेली मुंग्यांची रांग.

मी पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली. चार किलो आठशे. फरशीवरचे गोळा केले ते सत्तर ग्रॅम. म्हणजे दीडशे ग्रॅम तिच्या पोटात, आणि बुंदीचं वजन तेव्हा वीस किलो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात हे मला माहीत होतं, डॉक्टरांनी पहिल्या लसीच्या वेळीच सांगितलं होतं. आप्पांना मी ते सांगितलेलं नव्हतं. फोन केला, डॉक्टर म्हणाले घरी मीठ-बिठ काही पाजू नका, तशाच्या तशा घेऊन या. इंजेक्शन देऊन उलटी करवली. परातीत जे पडलं ते मी कधी विसरणार नाही: बेदाणे पाणी पिऊन फुगून पुन्हा द्राक्षं झाले होते. मग दोन दिवस सलाईन, पुढच्या पायाला पट्टी, आणि क्रिएटिनिनसाठी, म्हणजे किडनी नीट चालतेय का ते बघायला, तीनदा रक्त. तिन्ही रिपोर्ट चांगले आले. आम्ही वेळेत पोचलो होतो, एवढंच त्यामागचं कारण.

आप्पांचं यावर काय म्हणणं? "आमच्या बागंत कुत्री रात्रंदिवस फिरत्यात, पडल्याली द्राक्षं खात्यात. कुणाला काय झालं न्हाई." हे वाक्य मी गेली तीन वर्षं प्रत्येक सणाला ऐकतेय. म्हणून इथे जाहीर सांगते. काही कुत्र्यांना काही होत नाही, हे खरंच आहे. एखादं कुत्रं ओंजळभर खाऊन पचवतं आणि एखादं थोडक्यातच आजारी पडतं, कोणतं कुठल्या प्रकारात मोडेल हे आधी कळत नाही, भानगड तीच आहे. शिवाय बेदाणा म्हणजे पाणी उडालेलं द्राक्ष, त्यामुळे मूठभरात बरंच काही जातं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. ते चिंचेतही असतं, तेव्हा आमटीतली चिंच चोखून टाकलीत तर तीही उचलून ठेवा. आणि बागेतलं कुत्रं मेलं तर आप्पा त्याची किडनी तपासायला जातात का? "म्हातारं झालं हुतं" म्हणून बांधावर पुरतात.

असो. तुमचा प्रश्न.

आठ महिने हे वय फसवं आहे. दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के दात सहा-सात महिन्यांत येतात, त्यामुळे लोकांना वाटतं चावणं संपलं. संपत नाही. हिरड्या शिवशिवतात म्हणून चावणं संपतं, मजा म्हणून चावणं सुरू होतं, आणि आता जबडा मोठ्या कुत्र्याचा असतो. त्यात तुमची लॅब. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भूक आवरणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. तुमची त्यातली आहे की नाही ते तपासत बसू नका, आहे असंच धरून चाला. लॅबला घरात एकटं मोकळं ठेवायचं तर दीड वर्षाच्या आत नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही घरात असताना मात्र आजपासून सोडा, त्यात थांबण्यासारखं काय आहे?

आम्ही काय केलं ते सांगते. हॉल सोडून सगळ्या खोल्यांची दारं बंद. किचनला दार नव्हतं, तिथे लहान मुलांसाठी मिळतं ते फाटक लावलं. संध्याकाळी फिरून आल्यावर, दमलेली असताना, फक्त हॉल. पहिले काही दिवस तिची दोरी माझ्या कमरेला. मी वह्या तपासायची, ती पायाशी. मग दोरी सुटली. मग मी कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची, दहा मिनिटं, आणि जुना मोबाईल शोकेसमध्ये रेकॉर्डिंग लावून ठेवायची. पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग पाहिलं तर बाई चार मिनिटं दाराला नाक लावून उभ्या, मग माझी चप्पल तोंडात धरून पायपुसण्यावर झोपलेल्या. चावली नाही, नुसती धरली. ते बघून मला रडू आलं होतं, पण ते वेगळं. दहाची वीस मिनिटं, वीसचा अर्धा तास. दोन आठवडे काही नुकसान नाही, की पुढची खोली. काही फाडलं की एक खोली मागे, ओरडाआरडा न करता. नवऱ्याचा चार्जर गेला तेव्हा आम्ही बेडरूममधून पुन्हा हॉलवर आलो. तो चार्जर जमिनीवर होता, त्यामुळे चूक कोणाची ते सांगायला नको.

रात्रीचं आधी सोडा, दिवसाचं एकटं नंतर. रात्री तुम्ही घरात असता, कुत्रंही झोपेत असतं.

आणि खोली उघडण्याआधी तिथे एकदा गुडघ्यावर रांगून फिरा. कपाटाखाली गेलेली डांबरगोळी, सासूबाईंची पडलेली बीपीची गोळी, फ्रिजमागे ठेवलेलं उंदराचं औषध, पर्समधलं शुगरफ्री च्युइंगगम (त्यात झायलिटॉल असेल तर तेही विषच). आमच्या दिवाणाखाली मला दोन डांबरगोळ्या सापडल्या. म्हणजे आप्पांनी दार उघडलं त्या दिवशी त्याही तिथेच होत्या.

आता आप्पांचा हुकमी पत्ता. कोणीतरी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की स्वीडनमध्ये कुत्र्याला घरात पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर मोबाईल माझ्यापुढे धरला. खरं आहे ते. स्वीडनमध्येही आहे आणि फिनलंडमध्येही, प्रवास वगैरे सोडून. पण मी ते नियम पुढे वाचले. त्याच स्वीडनमध्ये कुत्रं बाहेर बांधून ठेवायचं तर दिवसाकाठी जास्तीत जास्त दोन तास. आप्पांच्या मळ्यावर मोती आहे. कळायला लागल्यापासून साखळीला. सकाळी सहाला बांधतात, रात्री नवाला सोडतात, राखणीला. साखळी जेमतेम पाच फूट, मातीत त्या साखळीनं गोल चर पडलाय. दारातली साखळी म्हणजे राखण आणि माझ्या घरातला क्रेट म्हणजे पाप, हा हिशोब मला कोणी तरी समजावून सांगा. त्या दिवशी मी हे बोलले नाही, मोदक वाढत होते. तुमच्या प्रश्नामुळे आज लिहून टाकतेय.

पण तुम्हाला अर्धवट सल्ला नको, म्हणून माझंही सांगते. बेदाण्यांनंतर मी इतकी घाबरले की क्रेटचे तास वाढवले. शाळेत जाताना पाच तास, पुन्हा क्लासच्या वेळी तीन. लस, खाणं, फिरणं सगळं वेळच्या वेळी, पण पोरगी दिवसाचे आठ तास कोंडलेली. दहाव्या महिन्यात तिनं जाळी चाटायला सुरुवात केली, खालची कडी चाटून चाटून चकचकीत झाली होती. नवऱ्यानं एकदाच विचारलं, "आता ही सुरक्षित आहे की तू?" मग दुपारी तिला बघायला येणारा मुलगा लावला आणि खोल्या उघडायला सुरुवात केली. त्यामुळे सलग चार तासांच्या वर नको, दिवसाची बेरीजही आठपर्यंत जायला नको. उन्हाळ्यात गॅलरीच्या बाजूला क्रेट ठेवू नका, आमच्याकडे एप्रिलमध्ये जाळीला हात लावला की चटका बसतो. आणि तुमची लॅब आत लाळ गाळत असेल, दात आपटत असेल, तुम्ही बाहेर पडल्यावर सतत विव्हळत असेल, तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. अशा कुत्र्याला क्रेटमध्ये कोंडून काही सुधारत नाही.

बुंदी आता पावणेचार वर्षांची आहे. पूर्ण घर तिचं, किचन सोडून. क्रेटचं दार मी बिजागरीतून काढून माळ्यावर टाकलं, पण क्रेट हॉलमध्येच आहे. दिवाळीत फटाके सुरू झाले की ती स्वतःच जाऊन आतल्या कोपऱ्याला पाठ लावून बसते. म्हणून तुमचा क्रेट ओएलएक्सवर टाकायची घाई करू नका.

या वर्षी आप्पा बेदाणे घेऊन आले तेव्हा मी भाकरी थापत होते. हॉलमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डोकावून बघितलं, तर सत्तरीचा माणूस खुर्चीवर चढून पिशवी कपाटावर ठेवतोय आणि बुंदी खाली बसून वर बघतेय. मी काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत. जेवताना मात्र म्हणाले, मोतीला लांब साखळी आणायची म्हणतोय. किती लांब, ते मी अजून विचारलेलं नाही.