सोलापूर-मुंबई हवाई अंतर ३६० किमी, मग विमानाला तासभर का लागतो?

तुमचा हिशेब असा दिसतोय: ३६० किमी अंतर, जेटचा वेग ताशी ८००, म्हणजे २७ मिनिटं, मग तिकिटावर पन्नास मिनिटं ते तास कसा? अंतर बरोबर आहे, चुकलाय तो वेगाचा आकडा.

अंतर घरबसल्या ताडून बघता येतं. सोलापूरचा होटगी रोडचा विमानतळ साधारण १७.६३ उत्तर, ७५.९३ पूर्व, मुंबईचा १९.०९, ७२.८७. अक्षांशातला फरक १.४६, गुणिले १११ म्हणजे १६२ किमी. रेखांशातला फरक ३.०६, पण आपल्याकडे रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किमीचाच भरतो, म्हणून ३२२. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ३६०. रेल्वेचे ४५५ किमी होतात कारण गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत बोरघाट उतरते. रस्ता साधारण ४०० किमी.

आता वेळ. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि मुंबईत चाकाखाली अडण लागली की संपते. समांतर टॅक्सीवे (धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचा वेगळा रस्ता) नसलेल्या छोट्या विमानतळावर विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जातं, तिथं वळतं आणि मग उडतं. दहा हजार फुटांखाली वेग सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीच्या आत ठेवतात. उतरताना दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल लागतात; २४ हजार फुटांवरून उतरायचं तर ७२ मैल, म्हणजे १३३ किमी आधी उतरण सुरू. चढण्यातही शंभरेक किमी जातात. पूर्ण वेगानं उडायला उरतात जेमतेम सव्वाशे किमी! म्हणूनच इतक्या कमी अंतरावर ताशी ५०० नं जाणारं एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, जेटपेक्षा फार मागं पडत नाही.

खरी अडचण मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दी झाली की आधी वेग कमी करायला सांगतात, मग घिरट्या. एक घिरटी साधारण चार मिनिटांची. अशा तीन झाल्या की बारा मिनिटं गेलीच. पावसाळ्यात हे नेहमीचंच. कंपन्या वेळापत्रकातच थोडी जास्त वेळ धरतात, म्हणून कधीकधी विमान 'वेळेआधी' पोचतं.

काउंटर सहसा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. शेंगाचटणी चेक-इनच्या बॅगेत टाका; तिखटाची पूड हातातल्या बॅगेत अडवतात. मुंबईत सामान यायला वीसेक मिनिटं. घरातून निघून अंधेरीला पोचायला तीन-साडेतीन तास धरा, फोर्टला चार. वंदे भारतला साडेसहा तास लागतात, पण ती थेट सीएसएमटीला सोडते. काम मशीद बंदरला किंवा फोर्टला असेल तर माझं मत रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसलाच.

पुढं दुसरं विमान पकडायचं असेल तर मात्र हे विमानच सोयीचं. तिकिटं वेगवेगळी असतील तर मध्ये किमान तीन तास ठेवा, आंतरराष्ट्रीय असेल तर चार. सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. मुंबईत टर्मिनल टी-१ की टी-२ हे दोन्ही तिकिटांवर बघून घ्या; एकातून दुसऱ्यात जायला टॅक्सी लागते.