भावना अनावर झाल्या की डीबीटीमध्ये (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे तीव्र भावना हाताळायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) चेहरा गार पाण्यात बुडवायला सांगतात. त्याने खरंच फरक पडतो का?

हो, पडतो, आणि बऱ्याचदा मिनिटाभरातच; पण तो फार वेळ टिकत नाही. श्वास रोखून डोळ्यांभोवती आणि गालांना गार पाणी लागलं की शरीर बुडी मारल्यासारखा प्रतिसाद देतं: मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात, त्यासोबत भावनेचा जोरही उतरतो. म्हणूनच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहान यांनी डीबीटीच्या कौशल्य-प्रशिक्षणात हा उपाय तीव्र त्रास सहन करण्याच्या भागात ठेवला आहे.

खाली वाकून, श्वास रोखून साधारण ३० सेकंद चेहरा पाण्यात ठेवायचा. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली नको. ते जमत नसेल तर गार पाण्याची पिशवी डोळ्यांवर आणि गालांवर धरा. डोकं थोडं शांत झालं की खरं काम सुरू होतं: नेमकं काय घडलं, कोणती भावना आली, आता काय करायचं हे तेव्हाच तपासता येतं. नेमकं हेच बरेच जण सोडून देतात, आणि मला ते फार खटकतं.

हृदयविकार असेल, ठोके मुळातच मंद असतील, बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) चालू असेल किंवा अॅनोरेक्सिया-बुलिमियासारखा खाण्यासंबंधीचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.